तसंच, पण जरा स्वस्तातलं

आपल्याकडच्या विणकामाचा थंडीशी फारसा संबंध नाही. मुंबईत स्वेटर हा एसी डब्यात नाहीतर महाबळेश्वरला घालायचा कपडा आहे. पुण्यात थंडी पडते खरी, पण स्वेटर पुरा होईपर्यंत ती थांबत नाही. तरीही सुया चालू असतात. कुणाकडे गोड बातमी असल्याची कुणकुण लागली की बाळंतविड्यातल्या टोपीचे टाके पडतात, कुणाच्या दारावर लोकरीचं तोरण चढतं, कुणाच्या फोनला झबलं होतं. सगळी हौस. आणि ‘हौसेला मोल नाही’ असं म्हणणाऱ्यानं लोकरीच्या दुकानात कधी पाऊल ठेवलेलं नसतं.

पूर्वी नमुना शेजारच्या काकूंकडून यायचा आणि लोकर कोपऱ्यावरच्या दुकानातून. आता नमुना सातासमुद्रापलीकडून फोनवर येतो आणि सोबत लोकरीचं नावगाव घेऊन येतो: मेरिनो, अल्पाका, शेटलंड. मग कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. मध्यम जाडीच्या लोकरीत बायकांचा एक स्वेटर करायला साधारण १२०० मीटर धागा लागतो. मेरिनोची १०० ग्रॅमची लड सुमारे २२५ मीटर भरते, म्हणजे सहा लडी झाल्या. बाहेरची चांगली लड दोन-अडीच हजारांच्या घरात जाते. तेवढ्यात अख्खं घर महाबळेश्वरला जाऊन, तिथे प्रत्येकाला एकेक तयार स्वेटर घेऊन, वर स्ट्रॉबेरी खाऊन परत येईल. म्हणून मग आपण काउंटरवर फोन पुढे करतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य बोलतो, “तसंच, पण जरा स्वस्तातलं दाखवा.”

दुकानदार अजिबात विचलित होत नाही. तो मागे न बघता फडताळातून एक गुंडा काढतो आणि म्हणतो, “घ्या ताई, प्युअर वूल.” खरं तर आपण सरसकट ज्याला लोकर म्हणतो, त्यातल्या बहुतेक गुंड्यांनी मेंढीचं तोंडही पाहिलेलं नसतं. ते असतं अ‍ॅक्रिलिक, त्याचं कूळ खनिज तेलात. वेष्टनावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण सुट्या लडींना वेष्टन नसतं. तिथे माझ्या मावशीची पद्धत कामी येते. ती चार बोटं धागा मागून घेते, घरी येऊन चिमट्यात धरते आणि निरांजनावर नेते. खरी लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो, ज्योतीपासून दूर केली की ती विझते आणि बोटांत चुरगळली की तिची राख होते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा, टणक मणी धरतं. मावशीनं एकदा तो मणी पुडीत बांधून दुकानात नेला आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, “हा घ्या तुमचा मेंढा.” त्या दिवसापासून तिला तिथे फक्त खरा भाव सांगतात.

पण याचा अर्थ अ‍ॅक्रिलिकला नाक मुरडावं असा नाही. तान्ह्या बाळाच्या आईला विचारा. दिवसातून तीनदा दूध ओकणाऱ्या बाळाचा स्वेटर हातानं, कोमट पाण्यात, हळुवार धुवायला तिला सांगून पाहा. तिला मशीनमध्ये टाकता येणारं, कसर न लागणारं, न टोचणारं काहीतरी हवं असतं, आणि ते शंभराच्या नोटेच्या आसपास मिळत असेल तर विणणारीही खूश. अडचण येते ती त्याच अ‍ॅक्रिलिककडून खऱ्या लोकरीचं काम मागितलं की. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक घाम तसाच अंगावर ठेवतं. जाळीदार शाल लोकरीची असेल तर ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की तिचं नक्षीकाम उमलतं. अ‍ॅक्रिलिकची पाण्यानं उमलत नाही, आणि उमलावी म्हणून वर इस्त्री ठेवली तर कायमची लुळी पडते. सुताचं आणखी निराळं. ते थंड, मऊ, आपल्या हवेला साजेसं. पण त्याला लवचीकपणा नाही. सुती स्वेटरची कंबरपट्टी पहिल्या धुण्यात सैलावते आणि बाह्या बोटांपर्यंत येतात. त्याच सुताचं दुपटं करा, पिशवी करा, ते जन्मभर साथ देईल.

थोडक्यात, पर्यायी लोकर निवडणं हे स्थळ पाहण्यासारखं आहे: रंगावर भुलायचं नाही, स्वभाव विचारायचा. आणि स्वभाव कळतो तो नमुन्याच्या चौकोनात, जो विणून पाहायचा सगळे सल्ला देतात आणि कुणी विणत नाही. त्यामागचा हिशेब मात्र रोखठोक आहे. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितलेत आणि १०० सेंटिमीटरच्या घेरासाठी २२० टाके घालायचेत. आपल्या स्वस्त धाग्यावर १० सेंटिमीटरला २० च टाके बसत असतील, तर तोच घेर होतो ११० सेंटिमीटर. चौकोनातले दोन टाके कुणाच्या नजरेत भरत नाहीत. स्वेटरमधले १० सेंटिमीटर लग्नाच्या फोटोत येतात.

दुसरा चकवा वजनाचा. नमुन्यात अर्धा किलो म्हटलंय म्हणून अर्धा किलो घेऊ नये. लागतो तो धागा, वजन नव्हे. अ‍ॅक्रिलिक हलकं, त्यामुळे त्याच जाडीत १०० ग्रॅममध्ये ३०० मीटरच्या आसपास भरतं. सूत जड, ते जेमतेम २१० मीटर. मघाच्या १२०० मीटरला अ‍ॅक्रिलिक ४०० ग्रॅम पुरतं, सूत मात्र पावणेसहाशे ग्रॅमच्या घरात जातं. स्वस्त म्हणून घेतलेलं सूत असं मागच्या दारानं आपले पैसे वसूल करतं.

सगळ्यांत स्वस्त लोकर अर्थात कपाटात असते, जुन्या स्वेटरच्या रूपात. मात्र उसवण्याआधी तो उलटा करून बाजूची शिवण पाहावी. कडा साखळीच्या टाक्यानं जोडलेल्या असतील तर नेमकं टोक सापडताच सगळी शिवण सरसर सुटते. कापड कापून ओव्हरलॉक मारलेलं असेल तर हाताला वीत-वीतभर तुकडे येतात आणि दर ओळीला एक गाठ. सुटलेला धागा कुरळा असतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून वाळत घालायची आणि खाली एखादा तांब्या अडकवायचा. दुसऱ्या दिवशी लोकर सरळ झालेली असते आणि घरात तांब्याची शोधाशोध चाललेली असते.

या काटकसरीला मोठे वडीलधारे आहेत. यॉर्कशरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉनं १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून नवीन धागा काढला, आणि आज जगभरचे टाकलेले गरम कपडे पानिपतात येऊन धागा आणि ब्लँकेटं होतात. उलटा प्रवासही आहे. आपल्याकडच्या रेशमी साड्यांच्या चिंध्या नि गिरणीतला चुरा कातून केलेल्या रंगीबेरंगी लडी परदेशातल्या दुकानांत हौसेच्या भावानं विकल्या जातात. ज्या चिंधीला इथे बोहारीणही नाक मुरडते, तिच्यासमोर तिथली कुणी बाई उभी राहून बहुधा हेच विचारत असेल: असंच, पण जरा स्वस्तातलं नाही का? आणि आपल्या दख्खनी मेंढ्यांची काळी, राठ लोकर? तिला भावच नाही, म्हणून कातरून टाकूनही दिली जाते. अंगाला ती टोचते, हे खरं. पण घोंगडीचं तिच्याशिवाय पान हलत नाही. तिला कुणी मेरिनोच्या जागी बसवायला जाऊ नये, इतकंच. धागा बदलला की कपडाही बदलावा, हे धनगरांना केव्हाच कळलं होतं.

राहता राहिला प्रश्न बचतीचा. स्वस्त लोकर शोधणाऱ्यांच्या घरात पैसे उरत नाहीत, लोकर उरते. हा गुंडा मोज्यांना होईल, तो टोपीला, आणि हा सवलतीत होता म्हणून. ट्रंक भरते. त्यातला एकही रंग अख्ख्या स्वेटरला पुरत नाही, आणि परत दुकानात जावं तर रंगाचा लॉट बदललेला असतो. मग चार रंग शेजारी मांडून पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर होतो. भाचीला तो फार आवडतो, मैत्रिणी डिझाइन विचारतात. ते डिझाइन नसून ताळेबंद आहे, हे आपण सांगायला जात नाही.