दोनशे पासष्टचा सामंजस्य करार

सामंजस्य करार करायला काय काय लागतं, हे नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या शिपायाला तोंडपाठ असतं. दोन मखमली फोल्डर, दोन शाली, एक नारळ, एक फ्लेक्स. शिवाय फोल्डरची अदलाबदल करताना दोघांनी एकमेकांकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे बघायचं, ही सूचना. करार कशाचा ते फ्लेक्सवरच छापलेलं असतं: उद्योग आणि संशोधन यांच्यातील ज्ञानाची देवाणघेवाण. देवाण होते शालीची आणि घेवाण फोटोची. फोटो महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात जातो. नॅकच्या सात निकषांपैकी तिसरा संशोधन, नवोपक्रम आणि विस्तार यांचा. त्यात करार मोजतात, आणि करारापोटी पुढे काय केलंत असंही खवचटपणे विचारतात. म्हणून आठवडाभरात विद्यार्थ्यांची एक बस साखर कारखान्यात जाऊन येते. विद्यार्थी गव्हाण बघतात, बॉयलर बघतात, मूठभर गरम साखर तोंडात टाकतात. झालं हस्तांतरण.

जिल्ह्यातल्या कोपरगावला खरं तर दोन्ही बाजू घरच्याच. उद्योग म्हणावा तर तालुक्यात कोळपेवाडी आणि संजीवनी हे दोन सहकारी साखर कारखाने, आणि सोमय्यांचं साकरवाडी, जिथे आता अल्कोहोलपासून पुढची रसायनं काढतात. शिक्षण म्हणावं तर १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय. आणि संशोधन म्हणावं तर महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीला, म्हणजे याच जिल्ह्यात. ज्ञान आणि उद्योग यांच्यामध्ये काय तो नगर-मनमाड रस्ता. त्या रस्त्यावरून ज्यांनी एकदा तरी दुचाकी चालवली आहे, त्यांना ज्ञानाला उशीर का होतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तरी एक गोष्ट पोचली, आणि तिच्यासाठी कुणी नारळ फोडला नव्हता. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं, आता राहुरीच्या विद्यापीठाखालचं. तिथून २००७ मध्ये को-एम ०२६५ हा उसाचा वाण प्रसारित झाला. विद्यापीठाने रिवाजाप्रमाणे नाव ठेवलं फुले २६५. शेतकऱ्यांनी त्यातले फुलेही गाळले आणि नुसतं ‘दोनशे पासष्ट’ ठेवलं. वजनाला दांडगा, खोडव्याला चांगला आणि क्षारपड, चोपण रानातही तग धरणारा. गोदावरीच्या कालव्यांनी शंभरेक वर्षं पाणी पाजून इथल्या काळ्या रानांची जी अवस्था केली आहे, ती पाहता या शेवटच्या गुणावर शेतकरी भाळला नसता तरच नवल.

कारखानदार मात्र भाळले नाहीत. हा ऊस पक्व व्हायला मध्यम उशीर लावतो, लवकर तोडला तर साखरेचा उतारा पडतो. मग राज्यातल्या कित्येक कारखान्यांनी खळखळ सुरू केली. कुठे नोंदच नाही, कुठे तोड मागे. म्हणजे सरकारी पैशाने चालणारं विद्यापीठ म्हणतं लावा, सरकारी भागभांडवलावर उभा राहिलेला कारखाना म्हणतो लावू नका, आणि मधला शेतकरी दोघांचेही आभार मानून लावून मोकळा.

यात खोट कुणाचीच नाही, हीच तर गंमत आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर. कारखान्याची पोती भरतात साखरेने. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये, आणि उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी. तेव्हा एकट्याच्या उसाने उतारा खाली ओढला तर तोटा सगळ्या सभासदांत वाटला जातो, एकट्याचं वजन वाढलं तर फायदा मात्र त्याच्याच खात्यात. वजन ज्याचं त्याचं, उतारा सगळ्यांचा. सहकाराचं इतकं नेमकं वर्णन वैकुंठ मेहता संस्थेतल्या एखाद्या परिसंवादातही ऐकायला मिळणार नाही.

आता हे बेणं गावोगाव पसरलं कसं? कागदावर त्याची सुंदर सोय आहे. आधी मूलभूत बेणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, त्रिस्तरीय बेणेमळा. व्यवहारात चौथा स्तरही आहे, त्याला मेव्हणा म्हणतात. मेव्हण्याच्या रानातला ऊस आडवा होईस्तोवर वाढलेला दिसला, की पुढच्या लागणीला त्याच्याच फडातून ट्रॉली भरून येते. या ज्ञानाला विनियोग प्रमाणपत्र लागत नाही, रॉयल्टी लागत नाही, फार तर एक जेवण लागतं. आणि हे सगळं कायद्यात बसतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या रानातलं बियाणं ठेवायची, पेरायची, वाटायची, बदलायची, ब्रँडचं नाव न लावता विकायचीही मुभा दिली आहे. ज्या देशात विद्यापीठांच्या शोधांची मालकी कुणाची हे ठरवणारं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत येऊन २०१४ मध्ये न बोलता मागे घेतलं गेलं, तिथे मेव्हण्याचा कायदा आधीच पक्का होता.

मात्र मेव्हणा काही पाडेगावचा शास्त्रज्ञ नव्हे. त्याच्या ट्रॉलीतून काणी आणि गवताळ वाढही फुकट येते. ती टाळण्यासाठीच तो तीन पायऱ्यांचा बेणेमळा काढलेला आहे, हे शेतकी अधिकारी दरवर्षी मेळाव्यात सांगतात आणि मेळावा जेवणाची वाट बघतो.

प्राध्यापकाने थेट कारखान्यात जाऊन बसायचं, असा प्रकारही याच जिल्ह्यात एकदा घडून गेला आहे. १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लेखक संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. म्हणजे कोपरगावच्या पाटपाण्याने कुणाचं काय भलं झालं, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं होतं. आजच्या रीतीने पुढची वाट ठरलेली असती. पाहणीचे चार तुकडे करायचे, चार नियतकालिकांत छापायचे, त्यातल्या दोनांना पैसे भरायचे, यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली म्हणून हळहळायचं आणि पदोन्नतीचा अर्ज टाकायचा. गाडगीळांनी फारच अशास्त्रीय मार्ग धरला. ते लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या खटपटीत पडले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. एका बाजूला अर्थशास्त्राचा संचालक, दुसऱ्या बाजूला शाळेत फार न रमलेला शेतकरी, आणि मध्ये मखमली फोल्डर नाही. कारखाना तरीही चालला. गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही झाले, तेव्हा कारखान्यात घालवलेली वर्षं त्यांच्या करिअरला अगदीच बाधली असं म्हणता येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात आता वाहतूक उलट दिशेने आहे. प्राध्यापक कारखान्याचा अध्यक्ष होत नाही, कारखान्याचा अध्यक्ष महाविद्यालयाचा अध्यक्ष होतो. त्यामुळे उद्योग आणि शिक्षण यांच्यातली दरी पुष्कळ ठिकाणी एका जेवणाच्या टेबलाएवढी उरली आहे. इतर कुठल्याही सामंजस्य करारात नसेल इतकं सामंजस्य तिथे आढळतं.

नव्या लाटेची बातमी मात्र बारामतीची आहे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांना सोबत घेऊन उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. उपग्रहावरून पिकावर नजर, जमिनीत संवेदक, हवामानाचं छोटं केंद्र, आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं, इलॉन मस्क यांनीही त्यावर शेरा मारला. तेव्हापासून राज्यातले साखर कारखाने हे तंत्र आपल्याही सभासदांना देण्याच्या बैठका घेत आहेत. कोपरगावकरांना यातली खरी सोय लगेच कळली: हे ज्ञान वरून येतं, नगर-मनमाड रस्ता लागतच नाही.

तेव्हा लवकरच एखाद्या पहाटे इथल्या शेतकऱ्याचा मोबाइल वाजेल आणि सांगेल, मुळाशी ओल कमी झाली आहे, आज पाणी द्या. शेतकरी पाटाकडे बघेल. पाट कोरडा असेल, कारण आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समिती ठरवते, आणि तिच्या बैठकीची तारीख मंत्र्यांनाच पक्की माहीत नसते, तर ऑक्सफर्डला कुठून असणार?