टाचणी आहे का घरात?

मोडेमच्या पाठीमागे एक भोक असतं. ज्यांच्या घरचं नेट कधीच बंद पडत नाही त्यांना ते ठाऊक नसेल, पण अशी माणसं फक्त जाहिरातीत राहतात. भोकाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'रीसेट' असं छापलेलं असतं. आत खोलवर एक बटण असतं आणि ते बोटाने दाबता येऊ नये याची पक्की तजवीज केलेली असते. नेट गेलं की आपण कंपनीला फोन लावतो. आपला कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे बासरीच्या सुरावर पुरेसं पटवून झालं, की एक माणूस बोलायला येतो आणि सगळ्यात आधी तेच बटण दाबायला सांगतो.

म्हणजे बघा. हे बटण चुकूनसुद्धा दाबलं जाऊ नये म्हणून एका इंजिनियरने डोकं लढवून ते बिळात नेऊन ठेवलं. आणि ते मुद्दाम दाबा, चांगलं दहा सेकंद दाबून धरा, असं सांगायला दुसरा माणूस दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलाय. दोघांचाही पगार आपल्या बिलातून जातो.

"सर, घर में कोई पिन है?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलमध्ये निम्म्या लोकांनी पिनकोड सांगितला असणार. उरलेले निम्मे टाचणी शोधायला उठले. टाचणी ही वस्तू घरातून नेमकी कधी गेली हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. आधी कागद स्टेपल व्हायला लागले, मग कागदच गेले, सगळं ऑनलाइन झालं. ऑनलाइन जायला नेट लागतं आणि नेट यायला टाचणी लागते. नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये ती असते, पण दिवाळीला अवकाश असतो. मोबाइलच्या खोक्यात सिम काढायची सुई आलेली असते. खोकं माळ्यावर, माळ्यावर जायची शिडी शेजाऱ्याकडे, आणि शेजारी सिल्वासाला कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. शेवटी सगळ्या घराची नजर एकाच जागी वळते, ती घरातल्या बाईच्या मंगळसूत्राकडे. तिथे दोन-तीन सेफ्टी पिना कायम लटकलेल्या असतात. त्या पिनांनी आजवर तुटलेल्या चपला सावरल्या, निसटते पदर धरले, पोरांच्या चड्ड्यांत नाड्या ओवल्या, पायातले काटे काढले. कुणी आभार मानले नाहीत. आता देशाचं डिजिटल भवितव्यही त्यांच्यावरच येऊन ठेपलंय. पण मोठी पिन भोकात जात नाही आणि बारीक पिन आत जाऊन वाकते. उदबत्तीची काडी आत गेली तर तिथेच मोडते, आणि मग बटण राहिलं बाजूला, आधी काडी काढायला पिन शोधा. अखेर वाटेने जाणारा एखादा वारली पोरगा कोयत्याने बांबूची काडी तासून देतो. याच बांबूच्या काडीचं टोक चावून त्याची कुंचली करतात आणि तांदळाच्या पिठाने भिंतीवर अख्खं लग्न उभं करतात. ती चित्रं जगभर गेली. काडी मात्र आमच्या मोडेमच्या पाठीत.

आणि तिकडे हेडफोनवाला शांतपणे विचारत असतो, "हो गया, सर?"

झालं. दाबलं बटण. सगळे दिवे विझतात, पुन्हा पेटतात, थोडे नाचतात. 'लॉस'चा दिवा मघाशी लाल होता, तो आताही लाल. तो लालच राहणार, कारण त्या दिव्याचा या बटणाशी काही संबंधच नाही. फायबरमधून प्रकाश येतो. पलीकडच्या एक्स्चेंजमधल्या यंत्रातून निघतो, १४९० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. काचेच्या ज्या गाभ्यातून तो धावतो त्याची जाडी ९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपुढेही काहीच नाही. वाटेत एका तंतूची वाटणी ३२ किंवा ६४ घरांत होते आणि तुमच्या वाट्याला जो काय कवडसा उरतो तो पिवळ्या वायरीतून डब्यात शिरतो. तो साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की डबा हात टेकतो आणि लाल दिवा लावतो. त्या दिव्याचा अर्थ इतकाच, की बाहेरून प्रकाश येत नाही. डबा ठणठणीत आहे. उलट त्या अख्ख्या साखळीत खरं बोलणारा तेवढा एक डबाच आहे. आणि सुया टोचतात कुणाला? त्यालाच.

बिघाड कुठे आहे हे खानवेलमधलं शाळकरी पोर सांगेल. सिल्वासाहून खानवेलपर्यंत वीसेक किलोमीटरचा रस्ता, आणि पुढे दुधनीकडे तर काय, घाट, साग आणि पाणी. काळी केबल खांबावरून खांबावर जाते, खांब संपले की सागाच्या फांदीवर जाते, उरलेली केबल गुंडाळून कुठल्यातरी खोडाला टांगलेली असते. पहिल्या मोठ्या पावसात फांदी पडते. नाही पडली तर गवताने वरपर्यंत भरलेला ट्रक केबल ओढून नेतो. ट्रकपासून वाचली तर रस्ता रुंद करणारा जेसीबी आहेच. तुटलेलं टोक साकरतोड नदीच्या काठाला चिखलात पडलेलं अख्ख्या बाजाराने पाहिलेलं असतं. भाजीवाली सांगते, "भाऊ, वायर तुटलीय तिथं वळणावर." रिक्षावाला सांगतो. फक्त ज्याची केबल आहे त्या कंपनीला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ऐकूनही घ्यायचं नाही असा तिथे नियम आहे. "सर, केबल तुटलेली मी स्वतः बघितली" असं सांगा. समोरून उत्तर येतं, "ठीक है सर, एक बार मोडेम रीसेट कर लीजिए." अरे बाबा, तुमची केबल तुटली तिकडे रस्त्यावर! प्रायश्चित्त मी घरात का घेऊ?

आमच्या भागात अजून भगत आहेत. शहरातले पाहुणे त्यांना हसतात. पण भगत बोलावल्यावर घरी येतो, रोग्याजवळ बसतो, तांदळाचे दाणे टाकून बघतो, आणि प्रकरण आवाक्याबाहेरचं दिसलं तर सरळ सांगतो की हे माझ्या हातचं नाही, खानवेलच्या दवाखान्यात न्या. कस्टमर केअरमध्ये हे शेवटचं वाक्य उच्चारायला बंदी असावी.

बरं, रीसेट करून नुसता उपयोग होत नाही इतकंच असतं तरी चाललं असतं. तो उपद्रव करतो. प्लग काढून पुन्हा लावणं वेगळं. त्याने डबा झोपून उठतो, आठवणी शाबूत. दहा सेकंद ती काडी दाबून धरलीत की डबा कारखान्यातून निघाला त्या दिवसात परत जातो. कंपनीने घातलेला यूजर आयडी पुसला, पासवर्ड पुसला, व्हीलॅनचा आकडा पुसला. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत. उभं आयुष्य सूचनांचं पालन करण्यात आणि करवून घेण्यात गेलं. फोनवरच्या पोराने सांगितलं तसं त्यांनी घड्याळ समोर ठेवून बटण दाबलं. संध्याकाळी केबल जोडली गेली. गल्लीतल्या सगळ्या घरांत नेट आलं, ज्यांनी फोनच केला नव्हता त्यांच्याकडे आलं, जे फोनवर भांडले त्यांच्याकडे आलं, ज्या घराला कुलूप होतं त्या घरातही येऊन थांबलं. आलं नाही ते फक्त गुरुजींकडे. त्यांच्या वायफायचं नाव 'गुरुकृपा' होतं. आता त्या जागी आकडे आणि अक्षरांची एक माळ दिसते, डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असते ती. गुरुजींनी पुन्हा फोन लावला. आवाज शांत होता. त्यांना विचारण्यात आलं, "सर, आपने रीसेट किया था क्या? रीसेट नहीं करना चाहिए था."

हे मी विनोद म्हणून सांगत नाही.

भाषेचंही एकदा बोलून घेतो, नाहीतर जेवण जाणार नाही. हा दादरा-नगर हवेलीचा मुलूख १९५४ साली पोर्तुगीजांकडून सुटला, १९६१ साली भारतात विलीन झाला, २०२० च्या २६ जानेवारीला दमण-दीवला जोडला गेला. हायकोर्टात जायचं तर मुंबई. टेलिफोनचं सर्कल मात्र गुजरात. हद्दीवरच्या एखाद्या पाड्यात मोबाइल घेऊन मागच्या दाराने परसात गेलात तर तो महाराष्ट्राचं नेटवर्क पकडतो आणि पुढच्या ओटीवर आलात की गुजरातचं. आम्हाला त्याचं काही नाही. आम्ही घरात वारली, कोकणा, धोडिया बोलतो, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी, आणि मराठी शाळा तर इथे कधीपासून आहेत. पण फोनवरची बाई म्हणते, गुजरातीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीसाठी दाबायला काही नाही. ते बटण त्यांनी इतकं नीट लपवलंय की त्याला भोकसुद्धा ठेवलेलं नाही. पावसात, अर्ध्या रेंजवर, चौथ्या भाषेत 'खांबावरून निसटून सागाच्या बेचक्यात अडकलेली केबल' समजावून सांगणं ही परीक्षा ज्याने दिली असेल त्याला पदवी द्यायला हवी. आम्ही शेवटी "वायर टूटा" एवढंच म्हणतो. त्यावर पलीकडून प्रश्न येतो, "सर, आपका नेट स्लो है या बंद है?"

या प्रश्नामागे खोल विचार आहे. आपल्या देशात २००४ साली ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं. पुढे तो आकडा ५१२ झाला, आणि २०२३ साली २ एमबीपीएस. जाहिरातीत १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस, त्याच्या शेजारी 'पर्यंत' हा शब्द दिसेल न दिसेल असा. शून्यसुद्धा दोनशेपर्यंतच येतं. तेव्हा तुमचं नेट बंद आहे असं म्हणायची जागाच उरत नाही. ते फार फार स्लो आहे.

मग एके दिवशी खरा माणूस येतो. सिल्वासाहून मोटारसायकलवर, पाठीला बॅग, बॅगेवर प्लॅस्टिकची पिशवी, वय बावीस-तेवीस. तो आल्यावर मला राग आवरतो, कारण या सगळ्या कारभारात काम येणारा हाच एक. तो मोडेमच्या भोकाकडे ढुंकूनही बघत नाही. पिवळी वायर काढतो, तिचं हिरवं टोक पुसतो, मीटर लावतो, आकडा वाचतो आणि म्हणतो, "काका, डब्याला काय नाय झालं. पॉवरच येत नाय. कट आहे पुढं." हे सांगायला त्याला मिनिटभरही लागत नाही. मग तो वळणावर जातो, लाल उजेडाचा पेन टोकाला लावून तुटलेली जागा हुडकतो, पावसात छत्रीखाली बसून काचेचे ते दोन तंतू यंत्रात समोरासमोर धरतो आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतो. केसाहूनही बारीक गाभा तिथे गाभ्याशी जुळावा लागतो. डोंगरातल्या पावसात उघड्यावर हे करायचं म्हणजे खायचं काम नाही. त्याला यायला इतके दिवस का लागले? कारण एवढ्या मोठ्या टापूला अशी दोन पोरं, आणि टाचणीबद्दल बोलायला मात्र फोनवर हवी तेवढी माणसं. खरा राग आहे तो इथे. रीसेटचा सल्ला फुकट पडतो, जोडणी करणाऱ्या माणसाला पगार, पेट्रोल आणि यंत्र द्यावं लागतं. दहापैकी चार गिऱ्हाइकं टाचणी शोधता शोधता दमली, दोघांनी मोबाइलच्या डेटावर भागवलं, तर तेवढ्या फेऱ्या वाचल्या. टाचणी ही दुरुस्तीची वस्तू नाही, ती वेळ काढायची वस्तू आहे.

काम झालं की पोरगा मोबाइल उघडून तक्रार बंद करायला बसतो. बंद करताना कारण निवडावं लागतं. मी त्याच्या खांद्यावरून यादी वाचली. ग्राहकाचा मोडेम नादुरुस्त. ग्राहकाच्या घरातील वायरिंग. ग्राहकाकडे वीज नव्हती. ग्राहक घरी नव्हता. 'आमची केबल तुटली होती' असा पर्याय त्यात नाही. "मग काय टाकतोस?" मी विचारलं. त्याने पहिल्यावर बोट ठेवलं. "तेच टाकतात सगळे, काका." म्हणजे वरच्या कचेरीत बसलेल्या साहेबाच्या तक्त्यात खानवेलचे मोडेम फार खराब असल्याची नोंद होते, आणि त्यावर साहेब फर्मान काढतो की खानवेलच्या ग्राहकांना रीसेट करायला अधिक जोराने सांगा.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. लॉसचा दिवा लाल असेल तर डब्याला हात लावू नका; फार तर प्लग काढून पुन्हा लावा आणि पिवळी वायर कुठे दुमडली नाही ना, तेवढं बघा. टाचणी मागितली तर घरात नाही म्हणून सांगा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, तुटलेल्या केबलचा फोटो काढून ठेवा, आणि नेट बंद होतं त्या दिवसांचे पैसे बिलातून कापून द्या, असं लेखी मागा. मराठीत मागितलंत तरी चालेल.