मागच्या आसनावरील मुलूखगिरी

अटकेपार झेंडे लावणाऱ्यांचे आम्ही वारस असल्यामुळे उन्हाळी सुटीत लडाखकडे कूच करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबाच्या उद्योगास नुसते पर्यटन म्हणणे हा पूर्वजांचा अवमान ठरेल. ती मुलूखगिरीच होय. भाकरवडीची पुडकी, माकडटोप्या आणि विरळ हवेत हुंगावयाचा रुमालात बांधलेला कापूर एवढी शिबंदी बरोबर असल्यावर सेनापती मागच्या आसनावर स्थानापन्न होतात आणि तेथून हुकूम सुटू लागतात. पुढे एक लडाखी ड्रायव्हर बसलेला असतो. पण मोहिमेच्या दफ्तरात त्याची नोंद ‘भैया’ या एका शब्दापलीकडे कधीच जात नाही.

पहिला खटका लेहमध्येच उडतो. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्यामुळे विमानातून थेट उतरलेल्या मनुष्याने दोन दिवस स्वस्थ पडून राहावे, असे ड्रायव्हर नम्रपणे सुचवितो. यात त्याचे आणि हॉटेलवाल्याचे संगनमत असल्याचे सेनापती तत्काळ ताडतात, संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतात, आणि रात्री डोके धरून बसले असता त्यांना इस्पितळात नेण्याचे काम त्याच कटवाल्याकडे येते.

पुढे खार्दुंगला. या खिंडीतील फलकाने कित्येक वर्षे आपली उंची १८,३८० फूट असल्याचे आणि आपणच जगातील सर्वोच्च मोटाररस्ता असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष मोजणीत ती १७,५८२ फुटांच्या आसपास भरली. सुमारे आठशे फुटांची ही सरकारी इनायत ड्रायव्हरला ठाऊक असते. परंतु फलकाला बिलगून छायाचित्र काढून घेणाऱ्या सेनापतींचा विजय आठशे फुटांनी खाली आणण्याइतका तो निर्दय नसतो. तो फक्त ‘साहब, बीस मिनट’ एवढेच म्हणतो, आणि तासाभराने निळे पडलेले ओठ घेऊन परतलेल्या साहेबांसाठी मुकाट्याने गाडीतील हीटर लावतो. पलीकडे नुब्रा खोऱ्यात, हुंदरच्या वाळूत, मध्य आशियाच्या व्यापारी तांड्यांबरोबर आलेल्या दुहेरी मदारीच्या उंटांचे वंशज भेटतात. त्यांच्याही पाठीवर बसून सेनापती हुकूमच सोडतात. उंट रवंथ करीत राहतो.

खरी कसोटी पँगाँगच्या वाटेवर लागते. या शीत वाळवंटात पाऊस वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून पाण्याचे भय नाही असा सिद्धान्त पुस्तकी पंडितांनी न्याहारीच्या टेबलावरच मांडलेला असतो. ड्रायव्हरची घाई मात्र पावसासाठी नव्हे, उन्हासाठी असते: दुपारी बर्फ वितळू लागले की सकाळी घोटाभर असलेला ओढा गाडी अडविण्याइतका फुगतो, आणि वाटेतील अशाच एका ओढ्याला लोकांनी ‘पागल नाला’ हे नाव उगाच दिलेले नाही. पोहे, चहा, पुन्हा चहा आणि हरवलेला एक हातमोजा यांत सकाळ सरते. मग दुपारी काठावर थांबून ड्रायव्हर खाली उतरतो, पाण्यात दगड टाकून तळ अजमावतो, पुढच्या गाडीची चाके कोठून निघाली ते न्याहाळतो आणि श्वास रोखून बसलेल्या संपूर्ण सैन्यास पैलतीरी नेतो. पैलतीरी पोहोचताच मागून शेरा येतो, ‘भैया, इतना टाइम क्यों लगाया?’

मोहीम फत्ते होते. पुण्यात परतल्यावर ‘आम्ही खार्दुंगला केला’ ही वार्ता सोसायटीच्या जिन्याजिन्यांतून दुमदुमते; गाडी कोणी चालविली हा क्षुद्र तपशील बखरीत येत नाही. निरोपाच्या वेळी सेनापतींनी बक्षिसाच्या रकमेवर अर्धा तास घासाघीस केलेली असते, आणि ड्रायव्हरने हसून ‘जुले’ म्हटलेले असते.

तेव्हा यंदा निघणाऱ्यांस विनंती इतकीच की, लेहमध्ये दोन दिवस निजावे, न्याहारी लवकर उरकावी आणि बक्षीस देताना हात आखडू नये. लडाखचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. ड्रायव्हरचे पोट बारा महिन्यांचे असते.