शुद्धीवर येण्यास दोन तास

मोटार वाहन कायद्याचं कलम 202 ज्याने लिहिलं, तो मोठा दयाळू माणूस असावा. पिऊन गाडी हाकणाऱ्याला पोलिसाने बिनवॉरंट पकडावं, असं लिहून झाल्यावर त्याला लगेच गहिवरून आलं असणार. कारण पुढची अटच तशी आहे: पकडल्यापासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावं. दिल्लीत बसून दोन तास भरपूर वाटले असतील. मुरबाडकडचं धसई गाव त्याने पाहिलं नव्हतं.

समजा, गटारी आहे. (कॅलेंडरवाले तिला दीप अमावास्या म्हणतात, पण शहरातून मुरबाड-शहापूरच्या फार्महाउसवर येणारी मंडळी दिवे लावायला येत नाहीत. लावतात, ते वेगळे.) रात्री अकराचा सुमार, वर पाऊस. धसईच्या अलीकडे आमचा हवालदार नाकाबंदीला उभा. समोरून एक भलीमोठी गाडी रस्त्याची दोन्ही टोकं मोजत येते. काच खाली होते आणि आतून जो वास येतो, त्याने हवालदाराच्या रेनकोटलाही चढावी.

"काका, मिटवून टाकू ना. जीपे करू का?"

यात त्या पोराचा दोष नाही. 1 डिसेंबर 2016 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी धसईला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर केलं होतं. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, तोवर दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं येऊन बसली. पैसे काढून घेणारं यंत्र गावात असं तातडीने येतं. फुंकायचं यंत्र मात्र, आपण समजतो आहोत म्हणून समजा, दुसऱ्या नाक्यावर गेलेलं आहे.

हवालदार प्रामाणिक निघतो. ही त्याची पहिली चूक. तो पोराला जीपमध्ये बसवतो, घड्याळ बघतो आणि मुरबाडची वाट धरतो. खड्डे चुकवत, समोरच्या ट्रकचा चिखल काचेवर घेत ते रुग्णालयात पोचतात. डॉक्टर एकच, आणि ते बाळंतपणात अडकलेले. बाळाला कलम 202 ठाऊक नसल्याने ते आपल्या वेळेने येतं. तोवर हवालदाराचा मोबाइल तीनदा वाजतो. तिन्ही वेळा पलीकडचा माणूस "आपलाच पोरगा आहे" असं सांगतो. पोरगा एक, आणि आपला म्हणणारे तिघे! दोन तास उलटतात. पोरगा बाकावर झोप काढून ताजातवाना झालेला असतो. जाता जाता तो हवालदाराला म्हणतो, "काका, तुम्ही दमलेले दिसता. घरी सोडू का?"

रक्ताचा नमुना नसेना, पण पोरगा धड उभा राहत नव्हता, जीभ जड होती, डोळे तारवटले होते, हे हवालदाराने पाहिलंच होतं की! पाहिलं असेल. पण महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली सांगून ठेवलं आहे, की रक्ताची किंवा लघवीची तपासणी नसेल तर तोंडाचा वास, लटपटती चाल, अडखळती वाचा आणि विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं धरता येत नाही. संध्याकाळी आपला नवरा पिऊन आला आहे हे लटपटत्या चालीवरून ओळखणाऱ्या तमाम बायकांचं अपील तेव्हापासून प्रलंबित आहे.

बरं, रक्त वेळेत मिळालं तरी ते त्याच माणसाचं असेल याची खात्री कोणी द्यावी? 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांना चिरडलं. चालवणारा 17 वर्षांचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ससून रुग्णालयात त्याचं रक्त बाजूला गेलं आणि बाटलीत त्याच्या आईचं आलं. डॉक्टरांनाच अटक झाली. मुलाला मात्र पहिल्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींत 300 शब्दांचा निबंध. आमचा हवालदार एका पंचनाम्यात याहून जास्त शब्द लिहितो. त्याला साधी रजासुद्धा मिळत नाही.

आणि गुन्हा नोंदवून मागे न हटणाऱ्या पोलिसाचं काय होतं, हे खात्यात प्रत्येकाला पाठ आहे. 28 सप्टेंबर 2002 ला वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्यांवर अभिनेता सलमान खानची गाडी गेली, एक जण मेला. सलमानचा अंगरक्षक म्हणून नेमलेला पोलीस शिपाई रवींद्र पाटील याने फिर्याद दिली. सलमानच्या रक्तात 62 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं, मर्यादा 30 ची. पुढे साक्षीला हजर राहिला नाही म्हणून पाटीलच गजाआड गेला. नोकरी गेली. ऑक्टोबर 2007 मध्ये क्षयाने मुंबईत मेला. मे 2015 मध्ये सत्र न्यायालयाने सलमानला पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीत त्रुटी होत्या, आणि पाटीलची साक्ष पूर्ण भरवशाची नव्हती: दारूचा उल्लेख त्याच्या पहिल्या फिर्यादीत नव्हता, नंतरच्या जबाबात आला. साक्षीदार आठ वर्षांपूर्वी वारलेला. खुलासा विचारणार कोणाला?

म्हणून आमचा हवालदार आता पहिल्या ओळीतच 'तोंडास उग्र वास येत होता' असं लिहितो. मग कोर्टात उलटतपासणी होते.

"हवालदार, आपण दारू पिता?"

"नाही साहेब."

"कधीच नाही? मग हा वास दारूचाच, हे आपल्याला कळलं कसं?"

हवालदार गडबडतो. "म्हणजे साहेब, कधीतरी, लग्नाबिग्नात..."

"अस्सं! मग महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खालचं आपलं परमिट दाखवता का?"