नवखा नायक आणि राखून ठेवलेला डाव

अद्भुतकथा लिहिणाऱ्यापुढं एक जुनी अडचण असते. त्यानं मोठ्या हौसेनं एक जग उभारलेलं असतं. त्यात तीन चंद्र असतात, बोलणारे वड असतात, दर अमावास्येला उलटी वाहणारी नदी असते. पण हे सगळं वाचकाला सांगायचं कुणी? त्या जगातली माणसं तर एकमेकांना सांगणार नाहीत. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेला एक कोल्हापूरकर दुसऱ्याला म्हणाला, "भावा, तुला ठाऊकच आहे की आपली पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून झालेली आहे," तर दुसरा आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल.

यावर जगभरच्या लेखकांनी एकच तोड काढली आहे. बाहेरगावचा एक नवखा आणायचा. त्याला काही माहीत नसतं म्हणून तो विचारतो, कुणीतरी जाणता सांगतो आणि आपण वाचक मध्ये बसून फुकटात शिकून घेतो. १८६५ साली ॲलिस सशामागं बिळात उतरली ती अशीच. १९९७ साली हॅरी पॉटरला अकराव्या वाढदिवशी आपण जादूगार असल्याचं कळलं, तोही असाच. टोल्किनचा फ्रोडो तर पन्नाशी गाठेपर्यंत आपला मुलूख सोडून कुठं गेलेला नव्हता. आमच्या शिवाजी पेठेत पेठ न सोडलेली अशी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्या हाती अजून कुणी अंगठी दिली नाही, एवढंच.

माझ्या भाच्यापुढं हा प्रश्न आला तो सात भागांची मालिका लिहायला घेतल्यावर. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो, सुट्टीला कोल्हापुरात येतो आणि मिसळ खाता खाता आम्हाला कथानक ऐकवतो. पुण्याचा एक सरळमार्गी पोरगा कोल्हापुरात येतो, रंकाळ्यात पाय घसरून पडतो आणि थेट कोल्हासुराच्या राज्यात निघतो, असा त्याचा पहिला भाग.

"मामा, नायक इतका अडाणी चालंल का? का आधीच तयार गडी घेऊ?" त्यानं विचारलं.

आमच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर आणि एक वस्ताद कायमचे असतात. मास्तरांनी कटाची वाटी बाजूला सारली, म्हणजे विषय गंभीर आहे हे आम्ही ओळखलं.

"तयार गडी आपण घेऊन बघितलाय," मास्तर म्हणाले. "१८६१ची हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' घे, १८६८ची रिसबुडांची 'मंजुघोषा' घे. नायक-नायिका रूपानं, गुणानं, कुळानं पहिल्या पानापासून परिपूर्ण. त्यांना शिकायचं काही उरलेलंच नाही. मग लेखक बिचारा नुसती संकटं पुरवत बसतो."

"तयार गड्याची कुस्ती लावायची कशाला?" वस्ताद म्हणाले. "तो जिंकणारच. तिकिटाचे पैसे परत द्या."

मग मास्तरांनी महाभारतातला ऋष्यशृंग काढला. जगातला सर्वांत नवखा नायक हाच, असा त्यांचा दावा आहे. विभांडक ऋषींनी पोराला अरण्यात असा वाढवला की बापाखेरीज दुसरं माणूस त्याच्या दृष्टीला पडलं नव्हतं. अंगदेशात पाऊस पडेना, आणि हा पोरगा राज्यात आला तरच पडेल असं ठरलं. तेव्हा त्याला आणायला एक गणिका आश्रमात गेली. संध्याकाळी पोरगा बापाला भाबडेपणानं सांगतो की आज एक फार तेजस्वी ब्रह्मचारी आला होता, आणि त्या ब्रह्मचाऱ्याचं नखशिखान्त वर्णन करतो. बापाच्या लगेच लक्षात येतं. श्रोत्यांच्या तर आधीच आलेलं असतं.

"आता बघ," मास्तर भाच्याला म्हणाले, "नवख्याचे प्रकार दोन. हॅरी पॉटरला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळतं, म्हणून आपण त्याच्याबरोबर चालतो. ऋष्यशृंगापेक्षा आपल्याला जास्त कळतं, म्हणून आपण त्याला हसतो. आधी ठरव, तुझ्या पोराबरोबर चालायचंय का त्याला हसायचंय? आणि हसायचं असेल तर सात भाग हसू पुरणार आहे का?"

भाचा गप्प झाला. मला मात्र वेगळीच शंका होती. कोल्हापुरात नवखा नायक टिकणार कसा? इथं माणसाला नवखं राहूच देत नाहीत. एसटी स्टँडवर उतरून कुणालाही गंगावेशीचा रस्ता विचारा. तो आधी तुम्ही कुठले, कुणाकडे आलात, जेवलात का, हे विचारून घेईल आणि मग गाडीला किक मारून म्हणेल, "सांगून कळायचं न्हाई तुमास्नी. बसा मागं, सोडतो." फ्रोडो जर स्टँडवर उतरला असता, तर त्याला ज्वालामुखीच्या दारात सोडून, वर चहा पाजून, पोरगा अर्ध्या तासात परत आला असता. तीन खंडांचा ऐवज विसाव्या पानावर संपला असता.

शिकवणीही तितक्याच झपाट्यानं होते. गंगावेशीत उभ्या म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, पाहुण्यानं "गरम केलंय ना?" असं विचारलं की म्हैसही मान वळवून बघते. इथल्या मुली "मी गेलो होतो, मी आलो" असं बिनदिक्कत बोलतात. ऋष्यशृंगाचा गोंधळ इथं नव्यानं झाला असता. पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियमवर चुकीच्या बाजूला जाऊन बसलेला पाहुणा मध्यंतरापर्यंत स्थानिक होतोच, त्याची इच्छा असो वा नसो.

"तेच तर सांगतोय," वस्ताद म्हणाले. "नवखा पोरगा चांगलाच. पण त्याला कामाला लाव."

वस्तादांचा सगळा वाङ्मयविचार तालमीच्या चौकटीत बसतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. तालमीत नवा पोरगा आला की त्याला कुणी डाव शिकवत नाही. आधी हौदा उकरायचा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची. थोरल्या पैलवानांना रगडायचं, थंडाईसाठी बदाम घोटायचे. पोरगा खांदे भरेपर्यंत माती ओळखतो, आणि त्याच्याबरोबर गावाहून भेटायला आलेल्या त्याच्या बापालाही तालीम कळते. आपण वाचक म्हणजे तो बाप, असं वस्तादांचं म्हणणं. नवखा नुसता टकामका बघत उभा राहिला तर बापालाही झोप येते.

"आणि गुरू कसा पाहिजे, वस्ताद?" भाच्यानं विचारलं.

"सगळं शिकवणारा. एक डाव सोडून."

हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. वस्ताद एक डाव राखून ठेवतो. डंबलडोर काय आणि गँडाल्फ काय, सगळे त्याच तालमीतले. मालिकेचे भाग लांबतात ते या राखून ठेवलेल्या डावावर. गुरूनं पहिल्याच भागात सगळं सांगून टाकलं तर नवखा शहाणा होईल, पण प्रकाशक बुडेल.

याचा उत्तम दाखला आमच्याच गावात तयार झालेला आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. जाण्याआधी, १९३२ साली, शांतारामबापूंनी 'माया मच्छिंद्र' काढला. पुरुषांना बंदी असलेलं स्त्रियांचं राज्य, तिथली राणी दुर्गा खोटे, मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे आणि गोरखनाथ आमचे मास्टर विनायक. गंमत अशी की या गोष्टीत जाणता गुरूच मोहात अडकतो आणि त्याला सोडवायला कोवळा चेला अनोळखी मुलखात शिरतो. चेला जिवाचं रान करतो. शेवटी कळतं की ती सारी गुरूचीच माया होती, चेल्याला धडा देण्यासाठी. म्हणजे राखून ठेवलेला डाव! जादूच्या शाळा निघण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरानं तो पडद्यावर टाकला होता.

पण भोळेपणा ताणला की काय होतं, तेही आम्ही जवळून पाहिलं आहे. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि वसगड्याचा वाडा घरोघर पोचला. राणादा हा भोळा, सरळ पैलवान. अंजली बाहेरून आलेली मास्तरीण. सुरुवातीला त्याचा भोळेपणा गोड वाटला. पण नायकाला काही कळतच नसेल तर गोष्ट पुढं ढकलायची कुणी? ते काम मग मालिकेतल्या खलनायिकेच्या, वहिनीसाहेबांच्या, गळ्यात पडलं. कट त्यांनी करायचे, कागद त्यांनी बदलायचे, अंगठे त्यांनी घ्यायचे. आमच्या घरी तर शेवटी शेवटी सगळ्यांना त्यांचीच काळजी वाटू लागली, की एवढं सगळं एकटीनं करते, दमत असेल. नायक अडाणी राहिला की गोष्टीची सूत्रं खलनायकाकडं जातात, हा नियम अद्भुतकथेला दुप्पट लागू आहे, कारण तिथल्या खलनायकाला जादूही येते.

उलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात आला तो परगावचाच. पण त्याला माहीत नव्हतं ते त्यानं झटकन माहीत करून घेतलं आणि थोड्याच दिवसांत पुणंच त्याच्या मागं धावायला लागलं. नवखेपणा हा फेण्याचा उंबरा होता. तो तिथं मुक्कामाला थांबला नाही.

एवढ्यावर निकाल लागला असता. पण भाच्याबरोबर त्याची एक सहकारी पुण्याहून आली होती. ती इतका वेळ मिसळीच्या कटाच्या ठसक्यातून सावरत होती. विषय भाच्याच्या दुसऱ्या भागावर गेला. रंकाळ्याकाठच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय, ही आख्यायिका त्यात येणार होती. आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणं माना डोलावल्या.

"पण काका," ती म्हणाली, "तांदूळ कुठला?"

टेबलावर शांतता पसरली.

"नाही म्हणजे, बासमती धरला तर तो गव्हापेक्षा लांब. मग नंदी रोज मागंच चाललाय. प्रलय होणारच नाही."

मास्तरांनी बोटांवर हिशेब सुरू केला. आमच्या आज्यांनी, पणज्यांनी ही गोष्ट सांगितली, आम्ही पुढं पोरांना सांगितली आणि कुणालाही तांदळाची जात विचारायचं सुचलं नव्हतं. अखेर वस्तादांनी तोंड उघडलं.

"आजऱ्याचा घनसाळ धर. आखूड असतो."

म्हणजे जगाचा अंत आमच्याच जिल्ह्यातल्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या तांदळावर ठरला आणि भाच्याला तिसऱ्या भागाचा खलनायक मिळाला. तो रातोरात देवळाच्या पोथीत घनसाळाच्या जागी बासमती लिहितो, का उलट, यावर अजून वाद चालू आहे.

तेव्हा माझा निकाल असा. नवखा नायक चांगला, पण त्यानं असं विचारलं पाहिजे जे जाणत्यांना कधी सुचलंच नाही. नुसतं "हे काय? ते काय?" विचारणारा नवखा म्हणजे लेखकानं पगारावर ठेवलेला माणूस. दुसरं, उत्तर देणारा त्याच मातीतला हवा. बासमतीचा प्रश्न पुण्याहून येऊ शकतो, घनसाळाचं उत्तर येत नाही. तिसरं, माहीत नसणं आणि सांगूनही न कळणं यांत फरक आहे. पहिल्याला मालिका द्यावी, दुसऱ्याला फार तर एक प्रकरण.

आणि होतकरू लेखकांना एक विनंती. शेवटच्या भागात तुमच्या नायकाला कुणीतरी परका रस्ता विचारायला येऊ द्या. त्यानं न अडखळता "बसा मागं, सोडतो" म्हटलं की तो नवखा राहिला नाही असं समजा आणि तिथंच थांबा. आठवा भाग कृपया लिहू नका.