अर्धा फाकडा

द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे एक बरं आहे. नाहीतर माझ्या मुलीने मला पुण्याहून खारघरला दीड तासात नेऊन टाकलं असतं आणि माझ्याजवळच्या माहितीचं काय झालं असतं?

जुना मुंबई-पुणे रस्ता हा माझा विषय आहे. विषय म्हणजे, कुणी विचारलेलं नसताना ज्यावर मी बोलू शकतो तो. यावर मी लग्नाच्या पंगतीत बोललोय, बँकेच्या रांगेत बोललोय, न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असतानाही बोललोय. तेव्हा मुलीला खारघरला नोकरी लागली आणि तिची बुलेट तिकडे न्यायची ठरली, तसा मी लगेच म्हणालो, “घाटातून एकटी कशी जाशील? मी येतो सोबतीला.”

“सोबत कोण कुणाला करणार आहे?” बायको म्हणाली. मला बुलेट चालवता येत नाही. स्कूटर येते, हे मी घरात अधूनमधून सांगत असतो.

निघताना मुलीने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि म्हणाली, “यात इंटरकॉम आहे. काही त्रास झाला तर सांग.” यातलं पहिलंच वाक्य माझ्या कानात शिरलं. स्वतःची मुलगी, तिचे दोन्ही हात अडकलेले, आणि तिच्या कानात मी! इतका हक्काचा श्रोता मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

दापोडी ओलांडायच्या आत मी गव्हर्नर जॉन माल्कमने 1830 साली बोरघाटाचा रस्ता खुला केला तिथपर्यंत पोचलो होतो. देहूरोडला रेल्वे आणली, 1863 साली तीही घाट चढवली. सोमाटण्याच्या टोलनाक्यावर मोटारींची रांग लागलेली आणि आम्ही कडेने फुकटात सटकलो, तेव्हा त्या मोटारवाल्यांकडे मी असं पाहिलं की जणू ही सवलत मीच झगडून मिळवली होती.

आणि मग वडगाव मावळ आलं. इथे माझा नाइलाज असतो.

झालं असं की 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला घाट चढून वर आले. फौज होती काही हजारांची आणि सामान वाहायला बैल होते 19,000 च्या वर. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठेक मैल जायला त्यांना अकरा दिवस लागले. (“म्हणजे शनिवारचं लोणावळं,” कानात आवाज आला. मी दुर्लक्ष केलं.) शिवाय फौजेवर एक सेनापती नव्हता, कमिटी होती. ज्याने हाउसिंग सोसायटीची मीटिंग पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. तळेगावला पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं, खायला दाणा नाही. मग 11 जानेवारी 1779 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून सगळे गुपचूप मागे फिरले. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावात कोंडलं आणि तह लिहून घेतला. राघोबादादा परत, साष्टी परत. पुढे इंग्रजांनी तो तह पाळला नाही, पण ते दुःख मी वडगावात काढत नाही.

पुण्याहून निघाल्याचा एक फायदा असा, की आधी माघार लागते, मग तह आणि शेवटी चढाई. त्यामुळे माझे इंग्रज पूर्ण वेळ मुंबईकडेच पळत होते.

यात माझा खरा लाडका माणूस मात्र शत्रूपक्षातला आहे. कॅप्टन स्टुअर्ट. हा पठ्ठ्या इतका बेडरपणे लढत होता की मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं. कार्ल्याला झाडावर चढून मराठ्यांची फौज न्याहाळत असताना तोफेचा गोळा लागून तो गेला, असं सांगतात. पेशवाईत साडेतीन फाकडे मोजत, त्यातला अर्धा हा. शत्रूला शौर्याबद्दल मान द्यायचा, पण मोजून अर्धा! या हिशेबीपणावर मी कार्ला फाट्यापर्यंत बोललो. मराठी माणसाने कौतुकात नेहमीच काटकसर कशी केली, यावर माझे तीन मुद्दे आहेत. दुसरा चालू असताना कानात आवाज आला, “बाबा, मागचा हॉर्न ऐकू येत नाहीये. जरा लढाई थांबव.”

थांबवली. हॉर्न खरंच वाजत होता. एक पांढरी मोटार, आत चार पोरं. ती आमच्या पुढे जायची, वेग कमी करायची, आम्हाला पुढे जाऊ द्यायची, पुन्हा अंगाला घासून पुढे. खिडकीतून एकाचा मोबाइल बाहेर आलेला. मुलीने गाडी डावीकडे घेतली, वेग अजिबात वाढवला नाही. मग त्यांतल्या एकाला मागच्या सीटवरचा मी दिसलो असणार, पांढऱ्या मिशांसकट. काच वर गेली, मोटार निघून गेली.

“कोण होते?” मी विचारलं.

“कोणी नाही. रोजचंच आहे.”

आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हेल्मेटची काच दिसत होती. माझ्याकडे तिसरा मुद्दा शिल्लक होता. तो मी काढला नाही. हे ‘रोजचंच’ मला कसं माहीत नाही, हे मी खंडाळ्यापर्यंत स्वतःला विचारत बसलो. आणि घाटातून ती एकटी कशी जाईल याची काळजी करताना, घाटाखेरीजच्या रस्त्यांवर ती इतकी वर्षं एकटीच जातेय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लोणावळ्याच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. गाडी तिची, किल्ली तिच्या हातात, टाकीचं झाकण तिने उघडलेलं. पंपावरचा पोरगा मला विचारतो, “काका, किती टाकू?” पैसे तिने दिले, तरी बिल माझ्या हातात. पुढे चहाच्या टपरीवर मालक म्हणाला, “काका, तुम्ही मागे? पोरीला घाटात चालवायला देता?” एरवी रस्त्याने मला कुणी काही विचारलं की माझी छाती फुगते. पंपावरही ती फुगली होती, ‘फुल कर’ असं मीच रुबाबात म्हणालो होतो. टपरीवर मात्र मी म्हणालो, “ती मला देत नाही.” टपरीवाला हसला. मुलीने खारी बुडवून खाल्ली.

खंडाळ्याच्या पुढे मी तिला अमृतांजन पूल दाखवला. म्हणजे 2020 च्या एप्रिलमध्ये तो सुरुंग लावून पाडला, ती जागा दाखवली. नसलेला पूल दाखवायला बराच हातवारा लागतो. त्यासाठी मी मागच्या दांडीवरचे हात सोडले आणि तेवढ्यात वळण आलं.

“बाबा, माझ्याबरोबर झुक ना! तू प्रत्येक वळणावर उलटा झुकतोस. मग गाडी मला जोर लावून आत ओढावी लागते.”

पुण्यापासून गाडीचा तोल मी सावरतोय अशी माझी समजूत होती! लहान असताना ही माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहायची, हॉर्न दाबायची आणि गाडी आपणच चालवतोय असं समजायची. मी तिचा गैरसमज कधी दूर केला नव्हता. तिने तेवढं सौजन्य दाखवलं नाही. पुढच्या वळणाला मी दांडी सोडून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जिकडे कलली तिकडे कललो. दरी एकदम जवळ आली. पण गाडी मऊ वळली, हे मान्य केलं पाहिजे.

शिंग्रोबाच्या देवळापाशी तिने आपणहून गाडी थांबवली. घाटातून वाट काढायला इंग्रजांना ज्याने मदत केली तो हा धनगर. बक्षीस माग म्हणाले तर याने स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. गोष्ट मी चार वाक्यांत संपवली. मुलीने हेल्मेट काढून माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, “एवढीच?”

जाणारे ट्रकवाले इथे नाणं टाकतात. आमच्या दोघांच्या खिशांत मिळून एक नाणं नव्हतं. तिचे पैसे फोनमध्ये, माझे पाचशेच्या नोटेत. नुसता नमस्कार करून निघालो.

खोपोलीत चहा घेतला, तेव्हा तिने पाचशेची नोट माझ्याकडून मागून घेतली आणि टपरीवाल्याशी गोड बोलून मूठभर सुटी नाणी मिळवली. ती टाकीवरच्या पिशवीत टाकून चेन ओढली. म्हणाली, “शनिवारी येताना लागतील.”

तुम्हीही त्या रस्त्याने जाणार असाल, तर सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा. चालत्या गाडीवरून नाणं टाकता येतं, यूपीआय टाकता येत नाही.