बांबूला वळसा

मनमाड जंक्शनातून दिवसाकाठी किती अश्वशक्ती ये-जा करते, याचा हिशेब कुणी मांडलेला मी पाहिलेला नाही. मालगाडीचं एकेक विजेचं इंजिन सहा हजार अश्वशक्तीच्या वरचं. अशी इंजिनं रात्रंदिवस शिट्ट्या मारत जातात आणि फलाटावरचा माणूस चहाच्या कपावरून नजरसुद्धा उचलत नाही. पण आमच्या गल्लीतून एकच अश्वशक्ती, तीही पुरती न वाढलेली, टापा वाजवत निघाली की पोरं दप्तरं टाकून मागे धावतात, म्हाताऱ्या ओट्यावर येतात आणि किराणावाला तागडी तशीच अधांतरी धरून बघत राहतो.

ही अश्वशक्ती माझ्या पुतण्याची. नाव पुष्पक. मनमाडच्या माणसाला पुष्पक म्हटलं की रामायणाच्या आधी लखनौची गाडी आठवते, त्यामुळे नाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती लेट?" जात भीमथडी, रंग कुमैत, वय चौथ्यात. आणि पुतण्याने त्याच्यासाठी योजलेला व्यवसाय शो जंपिंग. म्हणजे मैदानात रंगवलेले दांडे आडवे मांडायचे आणि घोड्याने स्वाराला पाठीवर घेऊन, एकही दांडा न पाडता, ते ठरल्या क्रमाने ओलांडायचे. दांडा पडला की चार दोष. घोडा अडून उभा राहिला की तेही चार दोष. घोड्याला तसं वाटण्याचं काही रास्त कारण असेल, याची नोंद करायला गुणपत्रिकेत रकाना नाही.

आमच्याकडे घोड्याचे धंदे ठरलेले आहेत. टांगे होते तोवर टांगा. आता वरात, हलगीवर नाच, आणि एका बाजूला बैल नि दुसऱ्या बाजूला घोडा जुंपून पळवायची शर्यत. मंगळवारी येवल्याला घोडेबाजार भरतो, दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी मोठी यात्रा असते. तिथला जाणकार घोडा कसा बघतो ते पाहण्यासारखं असतं. उंची इंचात मोजतो. अंगावरचे भोवरे तपासतो, कुठला भोवरा मालकाला राजा करील आणि कुठला देशोधडीला लावील ते त्याला तोंडपाठ असतं. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी म्हणून हात जोडतो. चाल बघतो, दात बघतो. उडी मारतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. उडी मारणारं जनावर म्हणजे कुंपण ओलांडून पळणारं जनावर. तो अवगुणांत जमा.

त्यामुळे पुष्पकच्या खरेदीचा सौदा जरा अवघड झाला. दौंडकडच्या एका धनगराच्या वाड्यावर आम्ही गेलो होतो. पुतण्याने सगळं पाहून झाल्यावर विचारलं, "उडी मारतो का हो?" धनगर दुखावला. "छ्या! गरीब जनावर हाय मालक. वाघूर सोडून कुटं जात न्हाई." वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तेवढ्यात त्याचा शेंबडा पोरगा म्हणाला, "आबा, काल रातीला वाघरीवरनं गेलंच की!" बापाने पोराकडे असं पाहिलं की ते मेंढरांत दिसेनासं झालं. पुतण्याने तिथेच पैसे मोजायला घेतले. धनगर शेवटपर्यंत बजावत होता, की पोराचं काही खरं धरू नका.

भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा घोडा. इथल्या काटक तट्टांत अरबी-तुर्की रक्त मिसळत जाऊन तो घडला, असं सांगतात. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला तो सरकारातून मिळे. दोघांच्याही मांडीखाली पुष्कळदा हाच ठेंगणा, मळकट, थोड्या चाऱ्यावर भागवणारा प्राणी असे. राज्य गेलं, घोडदळं मोडली आणि मग या घोड्याचं काय झालं ते इतिहासकारांनी फारसं पाहिलं नाही. ते धनगरांनी पाहिलं. भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, दोन दिवसांची कोकरं आणि कधीकधी घरातलं तान्हं मूलही घोडीच्या पाठीवर लादून ते मेंढरांमागे पावसाळी रानं नि उन्हाळी रानं करत राहिले, म्हणून ही जात टिकली. इथून मालेगावच्या रस्त्याला चंदनपुरी आहे, बाणाईचं गाव. प्रत्यक्ष खंडोबाला तिच्यासाठी धनगराकडे मेंढरं राखावी लागली. देवाचा घोडा तेवढे दिवस काय करत होता हे कुणी सांगत नाही. माझा अंदाज, वाकळा वाहत असावा.

मग बारामतीच्या रणजित पवारांसारख्या अश्वप्रेमींनी पाठपुरावा केला आणि २०२४ उजाडता उजाडता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी आणि आता भीमथडी, आठवी. जोवर ही जात भरपूर होती तोवर तिला कुणी जात मानलं नाही. कमी झाली, तेव्हा कागद मिळाला. पुतण्याने तो सगळा इतिहास मला पुष्पकसमोरच वाचून दाखवला. ज्याचे पूर्वज १७५८ साली अटकेपर्यंत जाऊन आले, तो ऐकता ऐकता निळ्या पिंपाला बुजून मागच्या भिंतीला जाऊन चिकटला.

निळं पिंप हे मनमाडच्या घराचं कुलदैवत आहे. ज्या गावाने वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येताना पाहिलं, तिथे दारात पिंपं नसतील तर काय तुळशी असतील? पुतण्याने विचार केला, की दांडे टेकवायला लोखंडी घोडे कशाला हवेत, दोन पिंपं आडवी टाकू. पुष्पक त्यांच्याजवळ जाईना. मी समजूत काढली, की जनावराला रंग कुठे कळतो. तर पुतण्याने शास्त्र काढलं. घोड्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो. तांबडा-नारिंगी त्याच्या डोळ्याला हिरव्यातून वेगळा काढता येत नाही. इंग्लंडात शर्यतीच्या अडथळ्यांच्या पट्ट्या नारिंगी असत, त्या याच कारणाने अलीकडे पांढऱ्या केल्या. म्हणजे गावात घोड्याला सर्वांत ठळक दिसणारी वस्तू कुठली असेल तर आमची पाण्याची पिंपं. वहिनींचं मत असं, की तो पिंपाला घाबरत नाही, त्याला लाज वाटते. दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पिणाऱ्याने दुष्काळी गावातल्या पिंपाच्या डोळ्याला डोळा भिडवावा तरी कसा? "घोडा पोसणं परवडेल," त्या म्हणतात, "पाजणं परवडत नाही."

खरा पेच मात्र वेगळाच होता. साधा घोडा असता तर वेळेवर खच्ची करून सगळे सुखी झाले असते. खच्ची घोडा शांत राहतो, लक्ष देतो, शिकतो. जगभर उड्यांच्या मैदानात असे घोडे भरपूर. पण जात दुर्मीळ, नर मोजके, त्यात हा अंगापिंडाने चांगला. त्याला खच्ची करणं म्हणजे आठ जातींची यादी आपल्या हाताने पुन्हा सातावर आणणं. सबब पुष्पकचं पौरुष राष्ट्रीय संपत्ती म्हणून राखलेलं आहे आणि त्याचा त्रास आमच्या गल्लीला आहे. दोन गल्ल्या पलीकडून वरातीची घोडी नुसती गेली, बँडच्या कल्लोळात आम्हाला तिचं घुंगरू ऐकूही आलं नाही, तरी हा मान उंच करून असा खिंकाळतो की नवरदेव दचकावा. त्यामुळे सरावाचं वेळापत्रक दाते पंचांग उघडून ठरतं. विवाहमुहूर्त असलेल्या संध्याकाळी सुट्टी. अधिक महिना आला की पुतण्याच्या अंगात उत्साह संचारतो.

लहानपणी त्याला फार काही करायला लावलं नव्हतं. दोरीवर गोल फिरणं, जमिनीवर टाकलेल्या बांबूंवरून पाय उचलून दुडकत जाणं, एवढंच. घोडा दिसायला तिसऱ्या वर्षी तयार वाटतो, पण पाठीचा कणा पक्का व्हायला पाचवं-सहावं वर्ष उजाडतं. त्याआधी उंच उड्या मारायला लावल्या तर पुढे लंगडणं नशिबी. हे लोकांना पटवणं कठीण. रोज कुणीतरी विचारायचं, "उडाला का?" आणि पुतण्या सांगायचा, "अजून दोन वर्षं." गाड्यांची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या गावालाही हा उशीर जास्त वाटला.

शेवटी एकदा बांबू जमिनीवरून गुडघाभर वर गेला. पुष्पक दुडकत आला, थांबला, बांबूचा वास घेतला, आणि अत्यंत सभ्यपणे बाजूने वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला. पलीकडेच जायचं होतं ना? पुतण्याने दोन्ही बाजूंना आडोसे लावले. पुष्पक पुन्हा आला, आडोसे पाहिले, आणि उलटा वळून जिथून आला तिथे गेला. कामाची निकडच नसेल तर मनमाडचा कुठलाही समंजस माणूस रेल्वे फाटकाशी हेच करतो.

आमच्याकडे एक जुने टांगेवाले चाचा रोज खरारा करायला येतात. टांगा गेला, हात गेला नाही. ते विडी विझवून म्हणाले, "बाजूसे जाने आता, तो उपरसे कायको जाना? घोडा पागल नहीं है, भाई." मला हे इतकं पटलं की त्या दिवसापासून मी या खेळाकडे घोड्याच्या बाजूने बघतो. इंग्लंडात अठराव्या शतकात मोकळ्या रानांना कुंपणं पडत गेली आणि कोल्ह्यामागे धावणाऱ्या सरदारांना ती ओलांडणं भाग पडलं, तिथून हा छंद वाढला. तिथे निदान पुढे कोल्हा होता. आता कोल्हा गेला, रान गेलं, कुंपणं तेवढी उचलून मैदानात आणली, आणि १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही नेली. स्वाराचंही तसंच. शतकानुशतकं स्वार उडी मारताना मागे रेलून लगाम ओढत होता, म्हणजे घोड्याला वर पाठवून स्वतः खालीच राहू पाहत होता. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन घोडदळाच्या कप्तानाने सांगितलं, पुढे झुका, मान मोकळी सोडा, घोड्याला त्याचं काम करू द्या. आज जगभर तसंच बसतात. काप्रिल्ली स्वतः १९०७ साली घोड्यावरून पडून गेला, तो मात्र उडी मारताना नव्हे.

एक गोष्ट वाचल्यापासून मला पुष्पकच्या वळशाबद्दल आदरच वाटतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. दांड्याशी येऊन पाय उचलायच्या क्षणी तो दांडा त्याच्या दृष्टीने नाहीसा झालेला असतो. उंची त्याने चार पावलं आधी पाहून ठेवलेली असते, बाकी उडी नुसत्या आठवणीवर. आणि पाठीवरचा माणूस, ज्याला सगळं दिसत असतं, तो नेमका त्याच वेळी डोळे मिटतो. निदान माझा पुतण्या मिटतो.

तोडगा चाचांनीच काढला. त्यांच्या ओळखीची एक पोक्त घोडी होती, टांग्यातली, जग पाहिलेली. तिला पुढे काढली. ती बांबूवरून उंबरा ओलांडावा तशी गेली. तिच्या मागून पुष्पक जो निघाला, तो बांबू किती उंच आहे, निळी पिंपं कुठे आहेत, अटक कुठे आहे, काही न विचारता हातभर वरून गेला. पुतण्या टाळ्या वाजवत होता, चाचा तिकडे घोडी आवरत होते. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "याला शिक्षण म्हणतात होय?" पण महिनाभरात गंमत झाली. घोडी नसतानाही तो जायला लागला. कान पुढे, मान लांब, आणि पलीकडे उतरल्यावर एक उगाचच शेपटी उडवणं. का जातो, हे मला अजून कळलेलं नाही. हरभरा तर त्याला न जाताही मिळतो.

उंचीचं काय, हा प्रश्न गावातल्या प्रत्येक शहाण्याने विचारून झाला आहे. भीमथडी खांद्याशी साधारण १३० सेंटिमीटरचा. ऑलिंपिकचे दांडे १६० च्याही वर जातात. म्हणजे पुष्पकला आधी स्वतःवरून उडी मारायची आणि वर आणखी फूटभर. पुतण्याकडे यावर दोन नावं तयार असतात. स्ट्रोलर नावाचं तट्टू, होय, पोनीच्या मापात बसणारं, १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्सला घेऊन वैयक्तिक रौप्यपदक जिंकून आलं. आणि जाप्लू हा फ्रेंच घोडा, त्याला लोक बुटका म्हणून हसायचे, १९८८ साली सोलला त्याने सुवर्णपदक मिळवलं. मी एकदा त्याला सांगून पाहिलं, की जाप्लू १५८ सेंटिमीटरचा होता, आपल्याहून मोठा. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर फक्त धाकट्या पिढीला जमते. तसा त्यालाही हिशेब कळतो. सत्तर-ऐंशी सेंटिमीटरचे वर्ग असतात, तिथे मुलं आपापली तट्टं घेऊन उतरतात. तिथे जायचं म्हणतो. अडचण एवढीच, की ओळीने मांडलेल्या दोन दांड्यांतलं अंतर मोठ्या घोड्याच्या ढांगेवर बेतलेलं असतं. तो जिथे एक ढांग टाकतो तिथे पुष्पकला एकाच्या जागी दीड लागते, आणि अर्धी ढांग टाकायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. सध्या त्याच्यावरच काम चालू आहे.

परवा नगरकडचा एक धनगर दारात आला. त्याच्याजवळ अस्सल भीमथडी घोडी होती आणि पुष्पकची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. पुतण्या हरखला. घोडीचे अकरा महिने, वेताची वेळ, खुराक, रक्त मिसळू न देणं, सगळं त्याने समजावून सांगितलं. मग अटी घातल्या. शिंगरू विकायचं झालं तर आधी आम्हाला विचारायचं. दुसऱ्या जातीच्या घोड्याकडे घोडी न्यायची नाही. तीन वर्षं पाठीवर ओझं नाही. आणि नर झाला तर त्याला वरातीत नाचवायचं नाही म्हणजे नाही.

धनगर प्रत्येक अटीला मान डोलवत होता. शेवटच्या अटीला त्याने हात जोडले.

"वरातीत कशाला नाचवतोय मालक? रानोमाळ फिरणारी मानसं आमी," तो म्हणाला. "लेकीच्या साखरपुड्यापुरता तेवढा."